शीतगृहातले हातमोजे टचस्क्रीनवर चालवण्याचं काम : प्रकल्प नोंदी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये कोल्ड स्टोरेजच्या नोंदी मोबाइलवर होतात. पॅलेटवरचा (पेट्या रचायच्या फळीवरचा) बारकोड कॅमेऱ्याने वाचायचा, खोली आणि रांग निवडायची, नग टाकायचे, सेव्ह करायचं. आत तापमान ० ते १ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. दर नोंदीला उजव्या हाताचा मोजा काढावा लागतो. तासाभरात बोटं बधिर होतात, मग चुकीची रांग दाबली जाते आणि पॅलेट सापडत नाही.

सहा माणसं, चार फोन. फेब्रुवारी-मार्चची गर्दी सुरू व्हायच्या आत मोजे न काढता फोन चालला पाहिजे, एवढंच काम. मोजे तीन जातींचे आहेत :

‘अ’ : जाड विणीचे ऍक्रिलिकचे, तळव्याला आणि बोटांना सुरकुतलेल्या लेटेक्सचा थर. बोटाच्या टोकाशी जाडी पावणेतीन मि.मी. चौघे वापरतात.

‘ब’ : होजिअरीचे पांढरे सुती, जाडी अर्ध्या मि.मी.च्या आत. काही जण ‘अ’च्या आत घालतात.

‘क’ : चामडं आणि कॅनव्हासचे, आत फोमचं अस्तर, मधे पाणी अडवणारा पातळ पडदा. टोकाशी साडेचार मि.मी. पॅलेट ट्रॉली ओढणारे दोघे वापरतात.

९ डिसेंबर २०२४

बागलाणकडचा अर्ली (हंगामाआधीचा) माल येतोय, त्यामुळे एक खोली चालू आहे. चाचणी तिथेच.

आधी मोजायची पद्धत ठरवली. ‘चालतंय’, ‘चालत नाही’ अशा शब्दांवर पुढे भांडणं होतात. सहा अंकी पिन वीस वेळा टाकायचा, म्हणजे १२० दाब. त्यातले किती पहिल्याच दाबात बरोबर लागले ते लिहायचं. फोन हातात धरून, शीतगृहात दहा मिनिटं उभं राहिल्यावर. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले आणि त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केलं. स्पर्श जिथे लागेल तिथे फुली उमटते, रेघ ओढली की मागे माग दिसतो. बोट टेकलंय पण फोनला कळलेलं नाही, की कळलंय पण दोन मि.मी. वर, हे याशिवाय समजत नाही.

उघडं बोट : १२०पैकी ११९. ‘ब’ : ६४. ‘अ’ : ०. ‘क’ : ०.

१० डिसेंबर

पैसे खर्च करण्याआधी फोनमधलं जे फुकट आहे ते. चारपैकी दोन फोन सॅमसंगचे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ आहे, ती चालू केली. उरलेल्या दोघांत अशी सोय नाही. चारही फोनांवरच्या टेम्पर्ड काचा काढल्या. त्यातल्या एकीच्या कडेने हवा शिरली होती. हवेची फट काचेच्या जाडीपेक्षा वाईट.

सॅमसंगवर ‘ब’ : ९७, ‘अ’ : ११, ‘क’ : ०. म्हणजे ज्यांचे मोजे पातळ आहेत त्यांचं काम इथेच संपेल. आमचं नाही.

११ डिसेंबर

नोंदीचा फॉर्म पाहिला. एका पॅलेटला तेवीस दाब! तारीख हाताने टाकायची, खोलीचा नंबर टाइप करायचा, प्रत्येक पानावर वेगळं ‘पुढे’. फॉर्म बनवणाऱ्याकडून बदल करून घेतले : तारीख आपोआप, खोली आणि रांगेला वेगळा बारकोड भिंतीवर लॅमिनेट करून लावला, नगांच्या चार नेहमीच्या संख्यांची मोठी बटणं, आणि कॅमेऱ्यासाठी फोनच्या कडेचं आवाज कमी-जास्त करायचं बटण. दाब उरले सात. बटणांची उंची १४ मि.मी. केली, मधे ४ मि.मी. मोकळी जागा.

हे काम मोज्याला सुई लावायच्या आधी करायचं. सुती मोज्यात तेवीस दाबांत चार चुका झाल्या तर नोंद बाद, सात दाबांत एक चूक झाली तर माणूस ती सुधारतो.

लॉक उघडायला बोटाचा ठसा मोज्यातून लागणार नाही. शिवलेल्या धाग्यानेही नाही, कारण ठशाच्या सेन्सरला कातडीवरच्या रेषा हव्यात. चारही फोनांवर चार अंकी पिन ठेवला आणि स्क्रीन बंद व्हायचा वेळ दहा मिनिटांवर नेला.

१३ डिसेंबर

घरगुती उपायांचा दिवस. सगळे फसले, तरी लिहून ठेवतो, कारण प्रत्येक जण हेच आधी करून बघतो.

स्वयंपाकातली ऍल्युमिनियम फॉइल ‘अ’च्या बोटाभोवती गुंडाळून टेप लावली. चाळीसेक दाब छान लागले, मग घडीवर फाटली. पेट्यांत द्राक्षं टिकवायला सोडियम मेटाबायसल्फाइटचे पॅड असतात, त्यांतून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. उघडं ऍल्युमिनियम आणि तांबं अशा खोलीत ठेवायची वस्तूच नव्हे.

तांब्याची चिकट टेप : कडा करवतीसारख्या. एका फोनच्या प्लास्टिक फिल्मवर ओरखडे आले. काढून टाकली.

शिसपेन्सिलीची पूड लेटेक्सवर घासली : काही नाही. लेटेक्सखाली पावणेतीन मि.मी.चा थर तसाच आहे, वर काळं केल्याने बोटाशी विजेचा जोड होत नाही, आणि फोनला स्पर्श कळतो तो त्या जोडावरून.

कार्बनची वाहक (वीज वाहून नेणारी) शाई (₹४९०) : सुकल्यावर मल्टिमीटरवर (विजेचा जोड मोजायच्या यंत्रावर) सुरेख आकडा आला, बोट चार वेळा वाकवलं आणि शाईला भेगा पडल्या. ताणणाऱ्या पृष्ठावर ही शाई टिकत नाही.

रबरी टोकाचा स्टायलस : धातूची दांडी उघड्या हाताला लागली की चालतो. जाड मोज्यातून पकड बदलली की कधी लागतो, कधी नाही. शिवाय एका हातात फोन, दुसऱ्यात स्टायलस, मग पॅलेटचा कागद धरायचा कशाने?

१६ डिसेंबर

स्टेनलेस स्टीलचा वाहक धागा आला. तीन पदरी, १० मीटरचं रीळ, ₹२४०चं एक, अशी दोन. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागाही थोडा मागवला (₹३८०).

स्टीलचा धागा सुतासारखा वागत नाही. कापलेलं टोक लगेच फुलतं, सुईत जात नाही. टोकाला नेलपॉलिशचा थेंब लावून वाळवलं, तिरकं कापलं, मग ओवलं. सुई मोठ्या नाकाची पण टोकदार घ्यायची. लोकर विणायची बोथट सुई लेटेक्समधून जात नाही. हातभर धाग्यापेक्षा लांब घेऊ नये, प्रत्येक टाक्याला घासून त्याचे तंतू सुटतात. गाठ आपोआप सैल होते, म्हणून दुहेरी गाठ मारून तिच्यावर नेलपॉलिश. पॉलिश फक्त गाठीवर. ते टाक्यांवर पसरलं तर तेवढा भाग निकामी.

पहिला मोजा : ‘अ’, उजवी तर्जनी. ४ मि.मी. चौकोनात आरपार टाके. १२०पैकी ४१. फोनला उघड्या बोटाच्या पसाऱ्याची सवय असते, त्याहून फार लहान ठिपका तो गाळून टाकतो.

उसवून ८ मि.मी. केला. १०२. वेळ : एका बोटाला ४५ मिनिटं.

१७ डिसेंबर

१०२वर समाधान नव्हतं. पॉइंटर लोकेशनमध्ये बघितल्यावर कळलं, चुकलेले दाब सगळे खालच्या ओळीतले. टाके बोटाच्या शेंड्यावर घातले होते. माणूस शेंड्याने दाबत नाही, पेराच्या गादीने दाबतो, आणि जाड मोज्यात तर बोट आणखी आडवं पडतं.

जागा ठरवायची रीत सापडली ती अशी : प्लास्टिकच्या पारदर्शक फाइलवर शिक्क्याची शाई पसरायची, ती बंद फोनवर ठेवायची, मोजा घालून नेहमीसारखे दहा दाब द्यायचे. मोज्यावर डाग पडतो तिथे टाके. प्रत्येक माणसाचा डाग वेगळा पडला. दोघांचा तर बाहेरच्या बाजूला सरकलेला. आणि सहापैकी चौघे एका हाताने काम करताना अंगठा वापरतात! तर्जनीइतकाच अंगठाही शिवायला हवा. आधी विचारलं असतं तर एक दिवस वाचला असता.

नव्या जागी ८ मि.मी. : ११७.

१९ डिसेंबर

दुसरा मोजा फुकट गेला. टाके दाट हवेत म्हणून एक मि.मी. अंतराने घातले. दोन दिवसांत लेटेक्सचा तो चौकोन पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांच्या रेषेवरून फाटून निघाला. (‘अ’ची जोडी ₹१८०.)

आता टाके दोन मि.मी. अंतराने आणि ओळी एकाआड एक सरकवलेल्या, विटांच्या बांधकामासारख्या. भोकं एका रेषेत येत नाहीत. दोन मि.मी.ने स्पर्शात काही फरक पडला नाही. काचेखालच्या तारांच्या जाळीतलं अंतरच साधारण चार-पाच मि.मी. असतं, त्यापेक्षा बारीक वीण फोनला दिसतच नाही. परत ११७.

एका बोटाला धागा साधारण ६० सें.मी. लागतो.

२१ डिसेंबर

दोघांनी तक्रार केली : कालपर्यंत चालत होता, आज नाही. कारण थंडी वाढली म्हणून त्यांनी आत ‘ब’चे सुती मोजे घातले. आतले टाके कातडीला लागेनात. १२०पैकी ८३.

इथे थोडा हिशेब करावा लागला आणि पुढच्या सगळ्या कामाला तो उपयोगी पडला. फोनला बोटाचा थेट विजेचा जोड लागत नाही. बाहेरचा ठिपका आणि शरीर यांच्यात काही पिकोफॅरडची धारिता मिळाली तरी भागतं (धारिता म्हणजे मधे काही आड असतानाही विजेचा भार धरायची क्षमता, पिकोफॅरड हे तिचं माप). धारिता क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या प्रमाणात घटते. सुती कापड अर्धा मि.मी.च आहे, पण आत ठिपका ८ मि.मी.चाच. अंतर कमी करता येत नाही, क्षेत्रफळ वाढवता येतं.

आतल्या बाजूला ३ सें.मी. बाय २ सें.मी.ची जाळी केली : बाहेरच्या ठिपक्यातून निघणारा तोच धागा आत आडवा-उभा धावदोऱ्याने विणीत फिरवला. बाहेर लेटेक्सवर टाका येऊ द्यायचा नाही, सुई फक्त ऍक्रिलिकच्या विणीतून काढायची. बोट उलटं करून शिवलं. सुती मोज्यासकट ११५.

याच कारणाने धाग्याचा रोधही (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) फार महत्त्वाचा नाही. स्टीलचा धागा एक मीटर लांबीला काही दशक ओहमचा, इथे काही हजार ओहम असते तरी चाललं असतं. मल्टिमीटरवर कमी आकडा यावा म्हणून महाग धागा घेण्यात अर्थ नाही. मल्टिमीटर फक्त एकाच गोष्टीला वापरायचा : बाहेरच्या टाक्यापासून आतल्या जाळीपर्यंत जोड तुटलेली नाही ना.

२४ डिसेंबर

आतल्या धाग्याच्या शेपट्या २ सें.मी. मोकळ्या सोडल्या होत्या. घाईत मोजा काढताना नख अडकलं, अख्खी ओळ उसवली. आता शेपटी कापून गाठीशी संपवतो आणि वर १५ मि.मी.चा सुती तुकडा हाताने तुरपून झाकतो. टोचणंही थांबलं.

आणखी एक गोष्ट ठामपणे ठरवली : हे मोजे फक्त बंद पेट्या हाताळणाऱ्यांनी घालायचे. जिथे घड कातरून पनेटमध्ये (द्राक्षांच्या छोट्या डब्यात) भरतात त्या हॉलमध्ये हे मोजे न्यायचे नाहीत. स्टीलचा तुटलेला तंतू केसासारखा बारीक असतो. घडात गेला तर दिसणार नाही. मनगटाला लाल दोऱ्याची खूण घातली आणि शीतगृहाच्या दाराशी खुंट्या लावल्या. मोजे तिथेच राहतात.

२६ ते ३० डिसेंबर

‘क’. सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला.

२६ला घाई केली. चामड्याची त्रिधारी सुई घेतली आणि ‘अ’सारखेच आरपार टाके घातले. ११४ आले, आनंद झाला. संध्याकाळी बोट पाण्यात बुडवून पाहिलं (आत टिश्यू पेपर, दहा मिनिटं बादलीत) : कागद चिंब. मधला पडदा फोडला होता. अशा मोज्यात ओल शिरली की अस्तर वाळायला दोन दिवस लागतात आणि ओलं अस्तर मोजा नसण्यापेक्षा वाईट. ₹८५०ची जोडी शीतगृहासाठी बाद झाली.

२७ला २१ तारखेचा हिशेब परत काढला. भोक न पाडता फक्त बाहेरून वाहक कापड लावलं तर? वाहक कापडाचा ३० बाय ३० सें.मी. तुकडा (₹६५०), पॉलिएस्टरवर तांबं-निकेलचा मुलामा. निकेल काहींच्या कातडीला खाज आणतं, म्हणून हे कापड मोज्याच्या आत वापरायचं नाही. बाहेर चालेल. तांबं असलं तरी वर निकेल आहे, उघड्या टेपसारखं लगेच बिघडत नाही.

फक्त टोकाला १२ मि.मी.ची गोल टिकली : १२०पैकी ९. साडेचार मि.मी. जाडीतून एवढ्याशा टिकलीला अर्धा पिकोफॅरडही मिळत नाही.

२८ला टिकलीपासून बोटाच्या तळव्याकडच्या बाजूने २ सें.मी. रुंद, ९ सें.मी. लांब पट्टी खाली आणली. ९६! भोक एकही नाही. पण दोन अडचणी. फोन त्याच हातात धरला की पट्टी काचेच्या कडेला टेकते, फोन दोन स्पर्श समजतो आणि पान मोठं-लहान होतं. दुसरं, पुठ्ठ्याच्या पेट्यांवर घासून एका दिवसात पट्टीचा मुलामा निघायला लागला.

३०ला पट्टी मागे फिरवली. टिकली पेराच्या गादीवर, तिथून बोटाच्या बाजूच्या शिवणीवरून अरुंद (८ मि.मी.) पूल, आणि मग बोटाच्या पाठीवर अडीच सें.मी. रुंद, ९ सें.मी. लांब पट्टी. पाठीला अस्तर पातळ, तीन मि.मी.च्या आसपास. आठ-दहा पिकोफॅरड सहज. १०८. पाठीवर काही घासत नाही, काचेला लागत नाही.

२ जानेवारी २०२५

पट्टी चिकटवायचं काय? गरम गोंदाच्या कांडीने लावली होती, शून्य अंशात गोंद कडक होऊन बोट वाकवताच सुटला. चपला चिकटवायचा पिवळा रबरी गोंद घेतला : दोन्ही पृष्ठांना पातळ थर, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, मग दाबायचं. टिकलीच्या वर गोंद येता कामा नये. पुलाच्या जागी गोंदावर भरवसा ठेवला नाही. तिथे मोज्याच्या मूळ शिवणीच्या टाक्यांखालून सुई काढून पट्टी बांधून घेतली. नवं भोक नाही. बादलीची परीक्षा पास, कागद कोरडा.

पट्टीच्या कडा सुटून धागे निघतात. गावातल्या शिंप्याकडून कडेला मशीनची टीप मारून घेतली (दोन जोड्यांचे ₹१५०). टिपेसाठी वर साधा पॉलिएस्टर दोरा. एका तुकड्यावर स्टीलचा धागा लावून पाहिला : बॉबिनमध्ये घातला तर चालतो, वरच्या सुईत घातला की ताणाने तुटून मशीन अडतं. तयार मोज्याचं बोट मात्र मशीनखाली जातच नाही, ते हातानेच.

६ जानेवारी

‘क’वर १०८च का, याचा शोध. फोन हातात असेल तर ११४, पॅलेटच्या पेटीवर ठेवून दाबला तर १०८च्याही खाली. फोन हातात असतो तेव्हा शरीर आणि फोन यांचा आपसात जोड असतो, एकटा पुठ्ठ्यावर ठेवला की तो तुटतो. मुलांना सांगितलं, नोंद करताना फोन डाव्या हातात धरा. डाव्या हाताचा मोजा तसाच राहिला तरी चालतो.

दाराजवळच्या टेबलावरच्या फोनची वेगळीच कथा : चार्जिंगला असताना आपोआप बटणं दाबली जात होती. दोन दिवस दोष मोज्याला दिला. मोजा काढून, उघड्या बोटानेही तेच झालं. हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट काचेखालच्या मोजणीत मिसळतो. फोनसोबत आलेला चार्जर लावला, थांबलं.

९ जानेवारी

चांदीच्या धाग्याची फेरतपासणी. १८ डिसेंबरला ‘अ’च्या एका तर्जनीवर घातला होता, मुद्दाम तुलनेला. शिवायला फार सुखाचा, सुतासारखा मऊ, ४५ऐवजी २० मिनिटं लागली. आज टाके काळपट झालेत. तेव्हा दोन टोकांत १२ ओहम होते, आता ७००च्या वर. लेटेक्स घट्ट करताना गंधक वापरतात, आणि चांदी रबराच्या शेजारी काळी पडते. ज्यांनी चांदीच्या वस्तूंना रबरबँड लावून ठेवलाय त्यांना हे माहीत असतं. ७०० ओहमला फोन अजून चालतोय, पण टाके ठिसूळ वाटतात. लेटेक्सच्या मोज्याला चांदीचा धागा लावू नये. लोकरीच्या किंवा सुती मोज्याला लावायला हरकत नाही, फक्त ब्लीच कधी लागू द्यायचं नाही.

१३ जानेवारी

धुण्याची परीक्षा. कोमट पाणी, साधा साबण, हाताने, पिळायचं नाही. स्टीलचा मोजा आजवर पाच वेळा धुतला, आकडा जवळपास तोच. ‘क’ धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

ओला मोजा जास्त चांगला चालतो, असं एकाने सांगितलं ते खरं आहे, पाणी स्वतः जोड देतं. पण काचेवर थेंब असतील तर फोन त्यांनाही बोट समजतो. खोलीतून बाहेर आणल्यावर थंड फोनवर दव धरतं, त्याच वेळी सगळ्यात जास्त चुका होतात. उपाय मोज्यात नाही : बाहेर येण्याआधी, खोलीतच, फोन झिपवाल्या पिशवीत घालायचा आणि वीस मिनिटं तसाच ठेवायचा. दव पिशवीवर धरतं, फोनवर नाही. पातळ पिशवीतून स्पर्श लागतो, तोवर तातडीची नोंदही होते.

थंडीत बॅटरीही लवकर बसते. नोंद झाली की फोन स्वेटरच्या आतल्या खिशात. आणि थंडगार फोन लगेच चार्जिंगला लावायचा नाही.

१८ जानेवारी

चौथा ‘अ’ पूर्ण. एका बोटाला आता १८ मिनिटं. क्रम असा बसलाय : शाईने डाग घेणं, बोटात लाकडी चमच्याची दांडी घालणं (नाहीतर सुई पलीकडच्या बाजूलाही शिवून टाकते), बाहेर ८ मि.मी.त दोन मि.मी. अंतराने विटांच्या ओळी, बोट उलटं करून आतली जाळी, दुहेरी गाठ, पॉलिश, मीटरने जोड तपासणं, सुती तुकडा. बोटाला अंगुस्तान घालाच. स्टीलच्या धाग्याची सुई ओढताना जोर लागतो आणि ती मागून टोचते.

डावखुरा एक जण आहे, त्याचा डावा शिवला.

२३ जानेवारी

हिशेब. स्टीलचा धागा ₹४८०, वाहक कापड ₹६५०, शिंपी ₹१५०. हे कामी आलं : ₹१,२८०. वाया गेलं : शाई ₹४९०, चांदीचा धागा ₹३८०, तांब्याची टेप ₹१२०, ‘अ’च्या दोन जोड्या ₹३६० (एक फाटली, एक चांदीची), ‘क’ची एक जोडी ₹८५०, मिळून ₹२,२००. एकूण ₹३,४८०. बिघडवायला स्वस्तातला मोजा आधी घ्यावा, आम्ही ‘क’ची नवी जोडी घेतली ती चूक.

बाजारात तयार ‘टचस्क्रीन’ मोजे मिळतात. दोन प्रकार मागवून परत केले. पातळ होते, शून्य अंशात वीस मिनिटं पुरेनात.

२९ जानेवारी

रोज दोन गाड्या भरायला लागल्यात. सहाही जोड्या वापरात. मोजा काढून नोंद करताना कुणी दिसलं नाही, दोन वेळा पाहणी केली. प्लास्टिक फिल्म असलेल्या दोन फोनांवर स्टीलच्या टाक्यांनी बारीक रेघा पडल्यात. नुसत्या काचेवर नाहीत. फिल्म काढल्या.

बाहेरच्या एका वायरमनने हीच युक्ती त्याच्या रबरी मोज्यांना करायची का असं विचारलं. नाही, कधीच नाही. विजेच्या कामाच्या मोज्याला एक भोक, एक धातूचा टाका पडला की तो मोजा राहत नाही. फोनला हात लावायचा तर काम थांबवून, बाजूला होऊन, मोजा काढून.

६ फेब्रुवारी

अंगठ्याचे टाके तर्जनीच्या आधी झिजतात. दोघांच्या अंगठ्यांवर दोन-तीन तंतू उभे राहिले होते. कातरीने कापले, ओळ परत घातली, एका बोटाला आठ मिनिटं. आता दर सोमवारी सकाळी मोजे खुंटीवरून काढून मीटर लावायचा, उभे तंतू कापायचे, आणि ‘क’च्या पुलाची शिवण बघायची. ‘क’ची एक टिकली पुसट होत आलीय. तिच्यासाठी १२ मि.मी.च्या आठ टिकल्या कापून, कडा शिवून, डबीत ठेवल्यात.